हंटर कोणाच्या हातात? : मालिकापटांतल्या नायिका आणि जन्माचे राजकारण



महिला दिन जवळ आला की समाजमाध्यमांवर एक यादी फिरू लागते. पडद्यावरच्या पहिल्या साहसी स्त्रियांची यादी. तीत पर्ल व्हाइट असते, हेलन होम्स असते, आपल्याकडची हंटरवाली नादिया असते. शंभर वर्षांपूर्वी या बायका धावत्या रेल्वेच्या टपावरून पळत होत्या, गुंडांना लोळवत होत्या, आणि आजची नायिका मात्र नायकाच्या मागे लपते, असा त्या मजकुराचा सूर असतो. आपले तरुण कार्यकर्तेही हा मजकूर आनंदाने पुढे पाठवतात.

आमचा त्या यादीला विरोध नाही. त्या बायकांनी मारलेल्या उड्या खऱ्या होत्या. आमचा आक्षेप आहे तो न विचारलेल्या प्रश्नाला. पडद्यावर उडी मारण्याचा हक्क या नायिकांना कशामुळे मिळाला? आणि ती उडी मारताना खाली उभा असलेला जमाव कोणाचा होता? जात समजून घेणाऱ्या माणसाने हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय टाळी वाजवू नये, असे आम्हाला वाटते.

आधी श्रेय देऊ

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत 1912 साली एडिसन कंपनीने मेरी फुलर या नटीला घेऊन 'व्हॉट हॅपन्ड टु मेरी' ही बारा भागांची चित्रमालिका काढली. एका महिला मासिकात गोष्ट छापून यायची आणि तीच पडद्यावर दिसायची. तिथून मालिकापटांची लाट सुरू झाली. ठरावीक दिवसांनी नवा भाग, नायिका संकटात, प्रेक्षक पुन्हा तिकीट काढायला हजर. ही लाट कमीजास्त होत 1956 पर्यंत चालली.

1914 साल डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत स्त्रीला मत देता येत नव्हते. तो हक्क देशभर मिळाला 1920 मध्ये. अशा काळात 'पेरिल्स ऑफ पॉलिन'मधली पॉलिन म्हणते की मला इतक्यात लग्न करायचे नाही, आधी जग बघायचे आहे, लिहायचे आहे. युनिव्हर्सल कंपनीच्या 'लुसिल लव्ह' या पहिल्या मालिकापटात ग्रेस क्युनार्ड नायिका होती आणि कथालेखनही तीच करत होती. हे कमी नाही. मूकपटाच्या काळात बाई म्हणजे रडणारी आई किंवा पळवलेली मुलगी, एवढेच समीकरण असताना या बायकांनी पडद्याची चौकट हलवली. जो हे नाकारतो तो इतिहास नाकारतो.

पण श्रेय देऊन झाले की हिशेब मागायचा असतो. बाबासाहेबांच्या शाळेत आम्ही तेच शिकलो.

धाडसाचा सातबारा

आता या नायिकांच्या गोष्टी एका ओळीत मांडून बघा. पॉलिन मोठ्या इस्टेटीची वारस आहे आणि तिच्या पालकाचा चिटणीस ती इस्टेट हडपण्यासाठी तिचा जीव घ्यायला टपलेला आहे. 'एक्स्प्लॉइट्स ऑफ इलेन'मधली इलेन श्रीमंत बापाची मुलगी, बापाचा खून होतो आणि ती खुन्याच्या मागे लागते. 1942 च्या 'पेरिल्स ऑफ न्योका'मध्ये न्योका हरवलेल्या वडिलांना शोधत वाळवंट तुडवते. 1944 च्या 'झोरोज ब्लॅक व्हिप'मध्ये बार्बरा मेरेडिथ मुखवटा घालून चाबूक चालवते, कारण तिचा भाऊ मारला गेला आणि मुखवटा आधी त्याचा होता. याच मालिकापटाची गंमत बघा. नावात झोरो आहे, पण बाराही भागांत झोरो नावाचा पुरुष कुठेच नाही. घोडा ती पळवते, चाबूक ती चालवते, पाटी मात्र पुरुषाच्या नावाची.

बापाची इस्टेट, बापाचा शोध, भावाचा मुखवटा. धाडस तिचे आहे, पण त्या धाडसाचा सातबारा घराण्याच्या नावावर आहे. ती लढते ती जन्माने मिळालेले परत मिळवण्यासाठी. म्हणजे या गोष्टी सांगतात की बाई शूर असू शकते, फक्त ती चांगल्या घरची हवी. 'चांगल्या घरची' या शब्दाचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. स्थळ पाहताना, भाड्याचे घर शोधताना, मुलाखतीत आडनाव विचारताना आपण तो शब्द रोज ऐकतो.

हिंदुस्थानची गोरी राणी

या प्रकाराचा सर्वांत उघड नमुना खुद्द आपल्या देशाच्या नावाने रचला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 1913 च्या डिसेंबरअखेर सेलिग कंपनीने 'ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन' हा तेरा भागांचा मालिकापट आणला. नायिका अर्ध्या संकटात सोडायची आणि पुढच्या भागाची वाट बघायला लावायची, ही युक्ती रुजवणाऱ्या पहिल्या मालिकापटांत त्याचा मान मोठा आहे. त्याची गोष्ट घडते हिंदुस्थानातल्या अल्लाहा नावाच्या काल्पनिक संस्थानात. तिथल्या राजाने कॅथलिनच्या अमेरिकन बापाला दिलेल्या मानामुळे सिंहासनाचा वारसा तिच्यापर्यंत येतो, आणि बापाला सोडवायला आलेल्या या मुलीला इच्छेविरुद्ध गादीवर बसवले जाते. खलनायक उंबल्ला हा देशी. पहिल्या भागाचे नाव 'द अनवेलकम थ्रोन', म्हणजे नकोसे सिंहासन. पुढच्या एका भागाचे नाव 'द स्पेलबाउंड मल्टिट्यूड', म्हणजे भारावलेला जमाव.

ही दोन नावे शेजारी ठेवा. सिंहासनावर गोरी मुलगी, तिला ते नकोच आहे. खाली हिंदुस्थानी माणसे, भारावलेली, नावाशिवायची. वाघ-सिंह सेलिगच्या स्वतःच्या प्राणिसंग्रहातले, राजवाडा अमेरिकेत उभारलेला. त्या प्राण्यांना जेवढे काम मिळाले तेवढेही अल्लाहाच्या बायकांना मिळाले नाही.

आता तारखा बघा. बाबासाहेब जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला उतरले आणि 1916 पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. म्हणजे कॅथलिन, पॉलिन आणि हेलन अमेरिकेच्या पडद्यावर धावत होत्या, नेमक्या त्याच वर्षांत. त्यांनी ते चित्रपट बघितले की नाही, हा मुद्दाच नाही. मुद्दा हा की एकाच देशात, एकाच वेळी, हिंदुस्थानातल्या स्त्रीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जात होत्या. चित्रपटगृहात सांगितले जात होते की तो राजा-महाराजांचा, सिंहांचा आणि जमावाचा देश आहे, त्याला वाचवायला गोरी मुलगी लागते. आणि 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांचा भीमराव आंबेडकर सांगत होता की सतीची चाल, विधवेवर लादलेले वैधव्य आणि बालविवाह ही नुसती विचित्र रूढींची रांग नाही. जातीच्या आतच लग्न लावण्याचे कुंपण टिकवण्यासाठी बाईच्या देहावर चालवलेली ती यंत्रणा आहे.

पहिल्या गोष्टीत बाई म्हणजे सजावट. दुसऱ्या गोष्टीत बाई हा जातव्यवस्थेचा कणा तपासण्याचा मुख्य धागा. पहिल्या गोष्टीसाठी रांगा लागल्या. दुसरी आपण आजही पुरती वाचलेली नाही.

जंगल त्यांचे, राणी बाहेरची

बोलपट आल्यावर हा साचा अधिक पक्का झाला. रिपब्लिक कंपनीचा 1941 चा 'जंगल गर्ल' आफ्रिकेत घडतो. डॉक्टर मेरेडिथ या गोऱ्या माणसाची मुलगी न्योका तिथल्या जमातीत वाढलेली, वेलींवर झोके घेणारी. जमातीचा वैदू शांबा हा कपटी, आणि डॉक्टर आल्यामुळे त्याचे महत्त्व गेलेले. म्हणजे जंगलाचे ज्ञान ज्याचे तो खलनायक, आणि जंगलात नंतर आलेले ते तारणहार.

1944 चा 'टायगर वुमन' तर पाठ्यपुस्तकात लावावा असा आहे. दक्षिण अमेरिकेतले जंगल, तिथली जमात, तिची राणी लिंडा स्टर्लिंगने रंगवलेली गोरी तरुणी. जमीन तेलाने भरलेली. एक तेल कंपनी चांगली, तिच्याविरुद्ध कारस्थान करणारी टोळी वाईट. गोष्टीत कळते की ही राणी एका मोठ्या संपत्तीची हरवलेली वारस असावी. बारा भागांच्या या झगड्यात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही बाहेरचे. ज्यांच्या पायाखाली तेल आहे त्यांचा पक्षच नाही. त्यांचे काम ढोल वाजवणे, भाले उगारणे आणि राणीपुढे मान तुकवणे.

गडचिरोलीपासून बस्तरपर्यंत खाणींचे राजकारण बघणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना यात काही ओळखीचे दिसते का? कंपनी चांगली की कंपनी वाईट, एवढीच चर्चा, आणि ग्रामसभा चित्रातून गायब. करमणुकीने हा साचा डोळ्यांत इतका भिनवला की बातमीतही तोच दिसला तरी आपल्याला खटकत नाही.

आम्ही विचारतो, त्या जमातीत एकही मुलगी धावू शकत नव्हती? एकीलाही भाला फेकता येत नव्हता? जंगल माहीत असलेल्या बाईपेक्षा स्टुडिओतून आलेली बाई जंगलात अधिक शूर कशी? उत्तर सोपे आहे. शौर्य हा गुण नव्हता, तो दर्जा होता. आणि दर्जा जन्माने मिळत होता. आपल्याकडे यालाच वर्णव्यवस्था म्हणतात.

नोकरी करणारी नायिका

या सगळ्यात एक अपवाद आहे आणि तो आम्ही मोकळेपणाने सांगणार. कालेम कंपनीची 'हॅझर्ड्स ऑफ हेलन' ही मालिका 1914 ते 1917 अशी 119 भाग चालली. आधी हेलन होम्स, नंतर हेलन गिब्सन. ही हेलन वारस नाही. ती रेल्वेच्या तारऑफिसात कामाला आहे. तिच्यापुढचे संकट म्हणजे सुटलेले इंजिन, चोरीला गेलेला पगाराचा पैसा, चुकलेला सिग्नल. अनेकदा तिची नोकरी जाते, बाई म्हणून तिच्यावर ठपका येतो, आणि ती गाडीवर उडी मारून, चोर पकडून नोकरी परत मिळवते.

आणखी एक फरक ध्यानात घ्या. या मालिकेचा प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण असे. वारस नायिकांना पुढे कड्यावर लटकवून ठेवायची रीत पडली, त्यांच्या भीतीवर पुढच्या आठवड्याचे तिकीट विकले गेले. हेलन मात्र त्याच भागात काम फत्ते करून मोकळी होई. कष्टकरी बाईला लटकत राहण्याची चैन परवडत नाही, हे त्या मालिकेला कळले होते असे वाटते.

पण हेलनही गोरीच होती. त्याच अमेरिकेच्या रेल्वेत पुलमन डब्यांतून सामान उचलणारे, बिछाने घालणारे पोर्टर काळे होते. त्यांच्या घरातली मुलगी तारऑफिसात बसलेली त्या मालिकेला कल्पनेतही दिसली नाही.

इथे आम्हाला आमच्या जाईबाई चौधरी आठवतात. नागपूरकडच्या या महार बाईने रेल्वेच्या प्रवाशांचे सामान वाहण्याची हमाली केली, शिकल्या, शिक्षिकेची नोकरी मिळवली. सवर्णांच्या विरोधामुळे ती नोकरी गेली. हेलन चोर पकडून नोकरी परत मिळवते. जाईबाईंच्या बाबतीत नोकरी घेणारा चोर नव्हता, अख्खी व्यवस्था होती, आणि तिला पकडून पोलिसांच्या हवाली करता येत नाही. म्हणून त्यांनी स्वतःची चोखामेळा कन्याशाळा काढली. यापेक्षा मोठे साहस कोणत्या मालिकापटात आहे ते आम्हाला दाखवा.

जिने भूमिका नाकारली

काळ्या स्त्रियांत साहसी नव्हत्या म्हणून त्या पडद्यावर नाहीत, असे कोणी म्हणेल. त्याला बेसी कोलमन हे उत्तर आहे. टेक्सासमध्ये जन्म, लहानपणी कापूस वेचलेला, लोकांचे कपडे धुतलेले, पुढे शिकागोत न्हाव्याच्या दुकानात नखे कापण्या-रंगवण्याचे काम. विमान चालवायचे ठरवले तर अमेरिकेतल्या एकाही शाळेने घेतले नाही. काळी आणि बाई, दोन्ही कारणे. मग फ्रेंच शिकून त्या फ्रान्सला गेल्या आणि 15 जून 1921 रोजी वैमानिकाचा परवाना घेऊन परतल्या. हवेत गिरक्या घेणारे, जीव मुठीत धरायला लावणारे प्रयोग त्यांनी हजारो लोकांपुढे केले.

चित्रपटवाल्यांनी त्यांनाही बोलावले. पण पहिल्याच प्रसंगात फाटके कपडे घालून, पाठीवर गाठोडे घेऊन यायचे आहे हे कळल्यावर त्या निघून गेल्या. ज्या पडद्याने पर्ल व्हाइटला फुगा, मोटार आणि विमान दिले, त्याच पडद्याने खऱ्याखुऱ्या वैमानिक बाईला गाठोडे देऊ केले, कारण ती काळी होती. टेक्सासमधल्या एका प्रयोगाच्या वेळी काळ्या प्रेक्षकांसाठी वेगळे दार ठेवले होते. सगळे एकाच दाराने येणार असतील तरच मी उडणार, असे त्यांनी सांगितले आणि आयोजकांना ते ऐकावे लागले. 1926 मध्ये विमानातून पडून त्यांचा मृत्यू झाला.

एकाच दाराचा आग्रह. महाड आणि काळाराम अनुभवलेल्या समाजाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

परळची हंटरवाली

आता घरी येऊ. 1935 साली वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेल्या मेरी इव्हान्स यांना नादिया या नावाने होमी वाडियांनी नायिका केले. पर्ल व्हाइटच्या मालिकापटांचा वाडिया बंधूंवर असलेला प्रभाव सर्वज्ञात आहे. गोष्ट अशी की दुष्ट वजिराने राजाला कैद केले, म्हणून राजकन्या माधुरी मुखवटा लावते आणि हंटर घेऊन गरिबांची कैवारी होते. पुन्हा राजकन्या. पुन्हा बापाची गादी. आणि पुन्हा गोरी कातडी, सोनेरी केस.

न्यायाने बोलायचे तर नादियाने या देशाला खूप दिले. इंग्रजी राजवटीत पडद्यावर सत्ताधाऱ्याला फटके बसताना बघणे हा साधा आनंद नव्हता. 1940 च्या 'डायमंड क्वीन'मध्ये त्यांनी स्त्रीच्या हक्काबद्दल पुरुषांना सुनावलेही आहे. व्यक्ती म्हणून त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

भांडण गोष्टीशी आहे. वाडियांचा स्टुडिओ होता परळमध्ये, जिथे पुढे राजकमल झाला. गिरण्यांच्या, चाळींच्या परळमध्ये. बाबासाहेबांनी अनेक वर्षे जिथे काढली ती बीआयटी चाळ त्याच परळात. तिथल्याच गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे आणि विटाळ होई. जास्त पगाराचे ते खाते दलितांना बंद होते. दिवसभर धागा नाकारला गेलेला कामगार संध्याकाळी स्टंटपटाच्या स्वस्त तिकिटावर बसून बघत होता की राजकन्या गरिबांना वाचवते आहे.

त्याच 1935 च्या ऑक्टोबरात येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पडद्यावर गरिबांना राजकन्येची वाट पाहायला शिकवले जात होते. येवल्यात गरीब स्वतःचा निर्णय स्वतः घेत होते. हंटर कोणाच्या हातात, हा प्रश्न त्या वर्षी दोन ठिकाणी विचारला गेला आणि दोन उत्तरे मिळाली.

'करमणुकीत जात शोधू नका'

हा आक्षेप येणार हे माहीत आहे. सगळीकडे जात दिसते तुम्हाला, मुलांचे सिनेमे तरी सोडा. आमचे उत्तर असे. उपदेश ऐकताना माणूस सावध असतो. करमणूक होत असताना नसतो. आठवड्यामागून आठवडा, वर्षामागून वर्ष, शूर म्हणजे गोरी-उंच-वारसदार आणि जमाव म्हणजे काळा-बिननावाचा, हे बघत वाढलेले मूल आरशात बघते तेव्हा ते स्वतःला जमावात उभे करते. आजच्या वेबमालिकांतही वस्ती वाचवायला बाहेरून अधिकारी येते, वकील येते, पत्रकार येते. वस्तीतली मुलगी अजून कॅमेऱ्याकडे पाठ करूनच उभी आहे.

28 जून 1942 च्या आधल्या दिवशी अमेरिकेत 'पेरिल्स ऑफ न्योका' झळकला. पंधरा भाग, एक शूर बाई, बाकी गर्दी. तीन आठवड्यांनी, 20 जुलैला, नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, सुमारे पंचवीस हजार बायका हजर, समोर बाबासाहेब. तिथे गर्दी नव्हती. तिथे ठराव मांडणाऱ्या, अनुमोदन देणाऱ्या, घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या बायका होत्या. त्यांना नावे होती.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, मोबाइलवर चित्रपट काढता येण्याच्या या काळात आमचे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. साहसाच्या गोष्टी करा, भरपूर करा, गाड्यांवर उड्या मारा. पण नायिकेला धाडस बापाच्या इस्टेटीतून देऊ नका, तिच्या कामातून द्या. ती ज्यांच्यासाठी लढते त्यांना नाव द्या, तोंड द्या, मत द्या. आणि ती बाहेरून आणू नका. ती वस्तीत आहे, हातपंपावर आहे, अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसलेली आहे.

पुढील भागात काय होणार हे आजवर दुसऱ्यांनी ठरवले. आता ती पटकथा आपल्या मुलींनी लिहायची आहे.

जय भीम!